तंग दोनदा

“तुझा स्वार पहिल्याच वळणाला पडणार,” आबा म्हणाले, आणि माझ्या फौजेतला एक घोडा उचलून त्यांनी तोंडात टाकला.

घोडे म्हणजे हरभरे होते. पडवीतल्या फरशीवर मी खडूनं चौकटी आखल्या होत्या. तलवारवाले पायदळ म्हणून चिंचोके, तटबंदी म्हणून काड्यापेट्या आणि घोडदळ म्हणून चंदीच्या पोत्यातले मूठभर हरभरे.

“आबा, तो सरदार होता.”

“खवट होता. बरं झालं गेला.”

नऊ वर्षांपूर्वीचा, जानेवारी महिन्यातला तो शनिवार. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी आले होते. पुण्यात मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासायचं काम करायची आणि उरलेल्या वेळात शौनक नावाच्या मित्राबरोबर एक खेळ लिहीत होते. ‘करडा घाट’ त्याचं नाव. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी तिरंदाज, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एखादी गोष्ट जमली की फसली, ते फाशांनी ठरवायचं. सगळी पात्रं लिहून झाली होती. एकच अडलं होतं, स्वार. पुस्तक छापायला जायला तीन आठवडे उरले होते आणि माझा स्वार काही केल्या उभा राहत नव्हता. म्हणून मी आबांकडे आले होते.

आबा म्हणजे निवृत्त दफेदार रंगराव खलाटे. अठ्ठावीस वर्षं रिसाल्यात, त्यातली चौदा वर्षं नव्या पोरांना घोड्यावर बसायला शिकवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर शिरवळच्या अलीकडे माळावर घर बांधून त्यांनी दोन घोडे पाळले होते. एक हवालदार नावाचा म्हातारा घोडा आणि एक तांबडी घोडी, मास्तरीण. शनिवार-रविवार आजूबाजूची शाळेतली मुलं बसायला शिकायला यायची. त्या आठवड्यात हवालदाराचा गुडघा सुजला होता म्हणून शिकवणी बंद होती.

“वाच पुन्हा,” आबा म्हणाले.

मी वहीतून वाचलं. “भालेदार स्वार. घोडा वीस हात भरधाव आला तर भाल्याच्या घावाला तीन गुण जास्त. घोड्यामुळे चपळाईत दोन गुणांची भर.”

“आणि घोड्याचे गुण?”

“घोड्याला वेगळे गुण नाहीत. ते स्वारातच धरलेत.”

“म्हणजे घोडा काय ढाल आहे? हातात धरली की झालं?”

“खेळणाऱ्याला किती आकडे सांभाळायला लावायचे, आबा?”

“त्याला नसतील सांभाळायचे तर त्यानं चिंचोका व्हावं.” त्यांनी एक चिंचोका माझ्यापुढे सरकवला. “घोड्याला त्याचा फासा दे. स्वाराला जायचंय आणि घोड्याला जायचं नाही, असं झालंच नाही तर मग स्वार कशाला म्हणायचं त्याला?”

ते मी लिहून घेतलं. आबांचं हे म्हणणं पटण्यासारखं होतं, म्हणजे माझ्या पुस्तकी डोक्याला पटण्यासारखं. भांडण झालं ते पुढच्या नियमावर.

तळावर छापा पडतो. सगळे निवांत बसलेले. तलवारवाला तलवार उपसतो, त्याची एक चाल. मांत्रिक मंत्र म्हणतो, एक चाल. स्वाराला घोड्यावर बसायला किती चाली?

“तीन,” आबा म्हणाले. “खोगीर टाकून पोटाखालचा तंग आवळला, एक. घोडा चार पावलं चालवला, दोन. पुन्हा तंग आवळला आणि बसला, तीन.”

“पुन्हा कशाला?”

“ही बघ.” त्यांनी हनुवटीनं गोठ्याकडे दाखवलं. मास्तरीण शेपटीनं माश्या वारत उभी होती. “पोटाखालनं पट्टा गेला की ही श्वास भरून घेते. साहेब तपासणीला आल्यासारखी छाती काढून उभी राहते. तुला वाटतं, घट्ट झाला. चार पावलं गेली की श्वास सोडते आणि तंग चार बोटं ढिला. मग पहिल्या वळणाला खोगीर फिरतं पोटाखाली आणि स्वार जमिनीवर.”

“तीन चालींत तलवारवाला चार माणसं मारून मोकळा होईल. मग स्वार कोण घेईल?”

“ज्याला पडायचं नाही तो.”

“आबा, मी घोडदळावरची अकरा पुस्तकं वाचलीयत याच्यासाठी. एकातही हे नाही.”

“पुस्तकातले घोडे पोट फुगवत नाहीत,” आबा म्हणाले आणि आणखी एक हरभरा खाल्ला.

आई चहा घेऊन आली. फरशीवरचा पसारा बघून तिनं कपाळाला हात लावला. “बाप-लेक दाणे मांडून बसलेत. वृषे, एकतीस वर्षांची झालीस गं. आणि अहो, ती चंदी घोड्याची आहे ना?”

“घोडेच खातोय,” आबा म्हणाले.

आई हसली. पदरानं तोंड झाकून हसायची तिची सवय होती तेव्हा.

चहा झाल्यावर आबा हवालदाराचा गुडघा चोळायला गोठ्यात गेले. गोठ्याच्या कोनाड्यात, खराऱ्याच्या मागे, रमची एक बाटली असायची. सुजेवर रम चोळायची, ही त्यांची रिसाल्यातली सवय. त्या बाटलीवर आईचा डोळा असे. त्याच्या सहा वर्षं आधीपर्यंत आबा प्यायचे आणि वाईट प्यायचे. मग एक दिवस आईच्या हातावर हात ठेवून त्यांनी शब्द दिला आणि तो पाळला. तरी ती बाटली कोनाड्यात राहिली आणि आईच्या डोळ्यातही राहिली.

“किती कमी झाली हो ती?” आई दारातून म्हणाली.

“हवालदार प्याला. गुडघ्यातून.”

“मी वास घेईन हां.”

आबा उठले, तिच्यासमोर आले आणि तोंड उघडून तिच्या चेहऱ्यावर मोठा श्वास सोडला. “घे. काय येतंय?”

“हरभरे,” आई म्हणाली. “सरका तिकडं. लेक बघतेय.”

तो आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस.

रविवारी सकाळी आबाच म्हणाले, “घड्याळ लाव. तुझी एक चाल खरी की माझ्या तीन, बघून टाकू.”

ते आधीच उठून हवालदाराचा गुडघा पुन्हा चोळून बसले होते. मी त्यांच्या शेजारी बाटली धरून उभी होते. रमनं त्यांचे दोन्ही हात आणि सदऱ्याची बाही ओली झाली होती. आई मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापवत होती.

पहिल्या वेळी त्यांनी सगळं स्वतः केलं. खोगीर टाकलं, तंग आवळला, मास्तरणीला लगामानं गोल फिरवलं, पुन्हा आवळला, रिकिबीत पाय घातला आणि बसले. पाण्याच्या हौदाला वळसा घालून परत आले. माझ्या फोनवर साडेतीन मिनिटं झाली.

“तीन चाली,” आबा म्हणाले.

“पण स्वार एकटा कुठं असतो? त्याला मोतद्दार असतो. स्वार चिलखत चढवेपर्यंत मोतद्दारानं खोगीर कसून ठेवायचं. मग स्वाराची चाल एकच.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला आठवतं, ते खूश झाले होते. चौदा वर्षं शिकवणाऱ्याला विद्यार्थ्यानं बरोबर अडवलं की होतो तसा आनंद.

“हे मान्य. मग तू माझा मोतद्दार. मी घरातनं पटका बांधून येतो. छापा पडलाय. कर तयार.”

“मी चुकले तर?”

“आमचे उस्ताद सांगायचे, खोगीर ज्यानं कसलं त्याला एकदाच विचारायचं. तो हो म्हणाला की आपण तंगाला हात लावायचा नाही. लावला तर त्याचा अपमान. छाप्यात दुसऱ्याच्या शब्दावरच बसावं लागतं.”

घोडीचं खोगीर उतरवून ते घरात गेले. मी घड्याळ सुरू करून फोन खुंट्यावर ठेवला. खोगीर उचलून मास्तरणीच्या पाठीवर टाकलं, पट्टा पोटाखालून घेतला, आवळला. आबा पटका बांधून पायऱ्या उतरत होते. मी फोन उचलला. पन्नास सेकंद. एकावन्न.

“दोनदा?” आबांनी दहा पावलांवरून विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

ते बसले. मास्तरीण निघाली, आधी दुडक्या चालीनं आणि मग भरधाव. मी घड्याळाकडे बघत होते. हौदाच्या वळणावर मी मान वर केली तेव्हा खोगीर फिरलं होतं. आबा घोडीच्या डाव्या अंगाला गेलेले, एक पाय रिकिबीत. मग हौदाच्या दगडी काठावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. तेवढाच. घोडी पुढे जाऊन थांबली. खोगीर तिच्या पोटाखाली लोंबत होतं.

आई धावत आली. तिनं आबांचं डोकं मांडीवर घेतलं. आबांचा हात तिच्या पदरावर पडला होता आणि ती त्या हाताकडे बघत होती. मग तिनं तो हात उचलून नाकाशी नेला. मी तिथंच होते.

आबा दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. डोक्याला मार, असं डॉक्टरांनी लिहिलं. दुपारी घरी परत आल्यावर मी फोन हातात घेतला तर घड्याळ अजून चालूच होतं. चार तास तेवीस मिनिटं. ते मी बंद केलं.

आईचा भाऊ, बबनमामा, सगळं आवरायला आला होता. तोही फौजेतला. तो गोठ्यात जाऊन खोगीर बघून आला, कोनाडा बघून आला आणि ओसरीवर बसला. मग म्हणाला, “ताई, अठ्ठावीस वर्षांचा दफेदार. शुद्धीवर असता तर तंग बघायला विसरला असता का गं?”

“बबन, बाहेर बोलू नकोस,” आई म्हणाली. “कुणाला काही तपासायला लावू नकोस. झाली ती शोभा पुरे.”

दहाव्या दिवशी नदीवरून परतल्यावर आईनं मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटलं. तिचे डोळे कोरडे होते, ते मला जास्त वाईट वाटलं.

“वृषे, खरं सांग. सकाळी प्यायले होते का गं ते?”

“मी बघितलं नाही,” मी म्हणाले.

“वासाचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. चोळायला घेतात, मला माहीत आहे. पण तंग?” ती माझ्याकडे बघत राहिली. “तू होतीस ना तिथं?”

“मी घड्याळ बघत होते.”

आई उठली. मग तिनं भिंतीवरचा आबांचा गणवेशातला फोटो उतरवला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवला. “माझ्या हातावर हात ठेवला होता त्यानं,” एवढंच बोलली. नवऱ्याला ती अरे-तुरे करतेय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

हवालदार त्या उन्हाळ्यात मेला. मास्तरीण वरातींना घोडी पुरवणाऱ्या माणसानं नेली. तो न्यायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं, “हिचा तंग दोनदा आवळावा लागतो.” तो म्हणाला, “बाई, वरातीत नवरदेव पडला तर लोक नाचतच राहतात,” आणि स्वतःच्या विनोदावर हसला.

‘करडा घाट’ छापून झालं. वाचणाऱ्यांना त्यातला स्वार सगळ्यात जास्त आवडला. घोड्याला स्वतःचा फासा आहे, घोडा नाही म्हणू शकतो, हे कुठंच नव्हतं म्हणाले. एका नियमाची मात्र सगळ्यांनी टिंगल केली. पान एकेचाळीस. घोड्यावर बसायला तीन चाली. आणि तंग दोनदा आवळला, हे खेळणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे. विसरला तर पहिल्या वळणाला स्वार पडतो. फासासुद्धा टाकायचा नाही. शौनकनं तेव्हा विचारलं होतं, “एक तरी फासा दे गं. नशिबाला काही जागा?” मी नाही म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे पुण्याला राहायला आली. ट्रंक बरोबर आली, ती उघडली नाही. दर वर्षी आबांच्या तिथीला ती सगळं रीतसर करते. वाढते, पान ठेवते. पण त्या पानात त्यांना आवडणारा एकही पदार्थ नसतो. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, “काकांना काय आवडायचं हो?” आई म्हणाली, “तेच. ज्यानं गेले.” बाईंना कळलं नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

गेल्या रविवारी दुपारी आमच्या घरी खेळ होता. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणून शौनक दोघांना घेऊन आला होता, ईशान आणि तन्वी. दोघं आमच्याहून तरुण, दोघांना हा खेळ तोंडपाठ. आई टेबलाच्या टोकाला सुपात हरभरे निवडत बसली होती. आमच्या फाशांचा आवाज झाला की मान वर करून बघायची.

ईशान स्वार होता. तळावर छापा पडला. तो घाईघाईनं म्हणाला, “खोगीर टाकतो, बसतो, निघतो.”

“गेलास,” तन्वी म्हणाली.

“ए, नाही नाही! आवळला, दोनदा आवळला!”

“आता नाही चालत. पान एकेचाळीस.”

ईशाननं हातातला फासा टेबलावर आपटला. “वृषालीताई, दुसऱ्या आवृत्तीत हे पान काढाच. मांत्रिक मंत्र विसरला तर त्याला फासा आहे, चोर कुलूप विसरला तर त्याला फासा आहे. स्वारालाच माफी नाही? इतकी वर्षं घोड्यावर काढलेला माणूस तंग विसरेल तरी का? काय अर्थ आहे याला?”

शौनक माझ्याकडे बघत होता. आईच बोलली.

“काढून टाका रे ते,” ती सुपातले खडे बाजूला करत म्हणाली. “हिच्या बापाचा नियम आहे तो. जगाला शिकवला आणि स्वतः मात्र...” तिनं अंगठा तोंडाशी नेऊन पेला रिकामा केल्याची खूण केली. “पुस्तकात ठेवण्याच्या लायकीचा नाही तो माणूस.”

ईशान खाली बघायला लागला. तन्वीनं फासे गोळा केले. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती लागत नव्हती.

मी आईच्या सुपातला एक हरभरा उचलला. चांगला होता, खवट नव्हता.

“आई,” मी म्हणाले.

“काय?”

“इकडे बघ.”

तिनं मान वर केली. चष्मा नाकावर घसरला होता.

“आबा प्यायले नव्हते. ती रम हवालदाराच्या गुडघ्याला लावलेली होती. सकाळी बाटली मी धरली होती, बाही माझ्यासमोर भिजली. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले.”

आईचा हात सुपात थांबला.

“मग तंग?” ती म्हणाली. “तंग कसा विसरले?”

“ते नाही विसरले. त्यांनी मला विचारलं, दोनदा? मी हो म्हणाले. आणि हो म्हटल्यावर त्यांनी हात लावला नाही.” माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा स्वच्छ आला. “आई, खोगीर मी कसलं होतं. मला एका चालीत बसवायचं होतं त्यांना. तंग मी एकदाच आवळला.”